लॉनला युरिया किती घालायचा आणि लव्हाळ्यावर काय मारायचं?

नमस्कार ताई. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. नाशिककडच्या ओझरजवळ तुमचा बंगला आहे आणि पुढे ३० बाय ४० फुटांचं लॉन आहे. गवत 'सिलेक्शन नंबर वन' जातीचं. जूनच्या पहिल्या पावसाआधी माळ्याने तीन किलो युरिया हाताने फेकला आणि आठवड्याभरात लॉनवर वाळक्या गवताचे पट्टे उमटले. उरलेलं गवत पिवळट आहे आणि निम्म्या लॉनमध्ये लव्हाळा घुसलाय. तालुक्याच्या दुकानदाराने एक बाटली हातात ठेवून "सगळं तण जातं" असं सांगितलं. मुलगा न्यू जर्सीत असतो. तो म्हणतो की तिकडे खत आणि तणनाशक एकाच पोत्यात येतं, तसंच काहीतरी आणून एकदाच फेकून टाक. आता ऑगस्ट लागलाय, तर काय करू, असं तुम्ही विचारलंय.

पहिलं सांगतो, ती बाटली उघडू नका. आणि खत व तणनाशक एका दिवशी घालायचा विचारही सध्या बाजूला ठेवा.

मी २६ वर्षं नाशिक-पुण्याकडे बागा करतोय. बिघडलेली लॉन बघायला जातो तेव्हा बहुतेक ठिकाणी गोंधळ याच दोन गोष्टींच्या एकत्र येण्यातून झालेला असतो. दाणेदार खत टाकलं की त्याला लगेच पाणी हवं. दाणा पानावर बसून राहिला तर पान जळतं, आणि आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीवर युरिया उघडा पडला तर त्यातला बराच नत्र अमोनिया होऊन हवेत जातो. तणनाशकाचं उलटं आहे. पानावरून आत शिरणारं औषध पानावर काही तास टिकावं लागतं, पाणी पडलं की ते धुऊन जातं. एकाला पाणी लगेच हवं आणि दुसऱ्याला लगेच नको, मग दोघांना एका दिवशी कसं जमवणार? अमेरिकेत तो माल दवाने ओल्या पानांवर टाकतात, दाणे पानाला चिकटतात आणि पुढे दिवस-दोन दिवस पाणी देत नाहीत. न्यू जर्सीकडे गवत वेगळं आहे, केंटकी ब्लूग्रास आणि फेस्क्यू, थंडीत खुलणारं. आपलं गवत उन्हा-पावसात वाढणारं आणि थंडीत झोपणारं. त्यांचं वेळापत्रक आपल्याला लागू पडत नाही. मुलाला हेही विचारून बघा की त्याच्या राज्यात २०११ च्या कायद्याने १५ नोव्हेंबर ते १ मार्च या काळात घरच्या लॉनला खत घालायला बंदी आहे, आणि माती परीक्षणात कमतरता दिसल्याशिवाय जुन्या लॉनला स्फुरद (फॉस्फरस) घालता येत नाही, हे त्याला माहीत आहे का. लॉनवरचं जादा खत वाहून तळ्यांत आणि ओढ्यांत जातं म्हणून तो नियम केलाय. तिकडचं घ्यायचंच असेल तर हे माती परीक्षणाचं घ्या.

आता तीन किलोचा हिशोब करू. तुमचं लॉन १२०० चौरस फूट आहे. एका एकरात ४३,५६० चौरस फूट असतात, म्हणजे तुमचं लॉन एकराचा छत्तिसावा भाग झालं. तीन किलोला ३६ ने गुणा: एकरी १०८ किलो युरिया एका दमात. ४५ किलोच्या जवळजवळ अडीच गोण्या. तुमच्या शेजारच्या शेतकऱ्याला हा आकडा सांगून बघा, तो कपाळाला हात लावेल. तोही एका हप्त्यात एवढा घालत नाही, आणि त्याच्याकडे तो मातीत मिसळला तरी जातो. लॉनवर सगळा वरच राहतो.

हे आकडे फळ्यावर लिहून ठेवावेत असे आहेत. युरियात ४६ टक्के नत्र असतो. हजार चौरस फुटांना एका वेळी अर्धा किलो युरिया भरपूर झाला, म्हणजे तुमच्या लॉनला ६०० ग्रॅम. माळ्याने पाचपट घातला. शिवाय मुठीने फेकला, त्यामुळे जिथे मूठ उघडली तिथे ढीग आणि पुढे विरळ. जळालेल्या पट्ट्याच्या कडेला बसून नीट बघा. मध्ये गवत पेंढ्यासारखं पांढरट झालेलं असेल आणि त्याला लागून वीतभर रुंदीची गर्द हिरवी किनार दिसेल. त्या किनारीला योग्य मात्रा मिळाली होती. युरियाच्या जळण्याची ही ओळखच आहे. किडीने किंवा बुरशीने गेलेल्या गवताला सहसा अशी किनार नसते.

हे पट्टे भरून येतील, काळजी करू नका. सिलेक्शन वन म्हणजे हरळीचीच निवडक जात, तिची धावती खोडं दोन्ही बाजूंनी सरकत येतात. पावसाने उरलेला युरिया आता धुऊन गेलाय. वाळलेलं गवत दाताळ्याने अलगद ओढून काढा, माती काट्याने टोचून मोकळी करा आणि पट्टा वीतभरापेक्षा रुंद असेल तर लॉनच्याच आडबाजूच्या कोपऱ्यातून मूठ-मूठ गवत मुळांसकट काढून एकेक वितीवर लावा. पाच-सहा आठवड्यांत जागा झाकली जाते.

उरलेल्या गवताचा पिवळेपणा नत्राच्या कमतरतेचा आहे, असं मला वाटत नाही. तुम्ही लिहिलंय की नवी, वरची पानं जास्त फिकी आहेत आणि खालची जुनी पानं त्यातल्या त्यात हिरवी. नत्र कमी पडला तर उलट दिसतं, जुनी पानं आधी पिवळी पडतात, कारण झाड त्यांच्यातला नत्र काढून नव्या पालवीला देतं. लोह मात्र झाडाला असं हलवता येत नाही, म्हणून त्याची तूट नव्या पानात दिसते. ओझर-पिंपळगावकडची जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा वर, आणि त्यावर बोअरचं जड पाणी. मातीत लोह असतं, पण मुळांना उचलता येत नाही. अशा वेळी युरिया वाढवला की गवत उसळी मारून वाढतं आणि अजून फिकं दिसतं. मग माळी अजून युरिया टाकतो.

त्यामुळे या आठवड्यात पहिलं काम फेरस सल्फेटचं, म्हणजे हिराकसचं. १५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम फेरस सल्फेट आणि १५ ग्रॅम सायट्रिक अॅसिड, म्हणजेच लिंबूसत्व. सायट्रिक आधी पाण्यात विरघळवा, मग फेरस घाला, नाहीतर तुमच्या बोअरच्या पाण्यात लोह गंजून तांबडा गाळ बसतो. पावसाचं साठवलेलं पाणी असेल तर तेच वापरा. उघाड बघून संध्याकाळी बारीक फवारा मारा. चार-पाच दिवसांत रंग फिरला तर निदान बरोबर, मग पंधरा दिवसांनी परत एकदा. एक जपा: फरशीवर, कोटा दगडावर किंवा पांढऱ्या चिपवर थेंब पडला तर गंजाचा डाग उमटतो आणि तो निघता निघत नाही. एका घरी आम्ही कडेच्या शहाबादी फरशीवर पाणी न मारता फवारलं होतं. आठ महिन्यांनी गेलो तरी पंपवाल्याच्या पावलांचे तांबूस ठसे तसेच होते. तेव्हापासून आधी फरशी ओली करतो आणि काम संपलं की लगेच धुतो.

खत ऑगस्टच्या शेवटी द्या, तोवर नको. तेव्हाही युरियाऐवजी अमोनियम सल्फेट घ्या. त्यात साडेवीस टक्के नत्र आणि सोबत गंधक असतं, आपल्या अल्कधर्मी जमिनीला ते मानवतं. तुमच्या मापाला १२०० ग्रॅम. ते चार-पाच किलो कोरड्या, चाळलेल्या गांडूळखतात किंवा वाळूत मिसळा आणि त्याचे दोन समान भाग करा. एक भाग लांबीच्या दिशेने फेकत जा, दुसरा रुंदीच्या दिशेने. पानं कोरडी असताना टाका, संपलं की लगेच वीस मिनिटं पाणी. दव असताना टाकू नका, जोराचा पाऊस येणार असेल त्या दिवशीही टाकू नका. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हेच परत, त्या वेळी जोडीला ५०० ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. त्यानंतर नोव्हेंबर ते जानेवारी काही नाही. नाशिकची थंडी कडक असते, पारा दहा अंशांच्या खाली येतो, गवत मळकट दिसणारच. त्याला झोपू द्या. फेब्रुवारीच्या शेवटी चाळलेली पोयटा माती आणि कुजलेलं खत मिसळून पाव इंचाचा थर, मार्चमध्ये ६०० ग्रॅम युरिया, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन मुरली की परत ६०० ग्रॅम. डीएपी आणि १०:२६:२६ ही स्फुरदवाली खतं लॉनला नका घालू. स्फुरद साठत जातं आणि लोहाची तूट आणखी वाढते. मातीचा नमुना कृषी विज्ञान केंद्रात देऊन सामू, क्षारता आणि मुक्त चुना तपासून घ्या, हजार रुपयांची पोती आणण्याआधी ते केलेलं बरं.

आता लव्हाळ्याकडे येऊ.

तो लव्हाळाच आहे का हे आधी हाताने तपासा. काडी अंगठा आणि बोटामध्ये धरून फिरवा, तीन कडा लागल्या की तो लव्हाळा. गवताची काडी गोल किंवा चपटी असते. मग एक रोप खुरपीने वीतभर खोल, मातीच्या ढेकळासकट काढा आणि बादलीत धुवा. काळपट तपकिरी गाठी दिसतील, बारीक दोऱ्याने एकीला दुसरी जोडलेली, माळेसारख्या. एक फोडून वास घ्या, ओळखीचा येईल, दिवाळीच्या उटण्यात हाच नागरमोथा असतो. ही माळ एकदा डोळ्यांनी बघितलीत की नुसतं वरून उपटून काही होत नाही हे पटेल. उपटताना दोरा तुटतो आणि माळेतल्या झोपलेल्या गाठी जाग्या होतात. एकाच्या जागी तीन येतात ते यामुळे.

तो आला कुठून? लॉन लावताना लाल मातीची ट्रॉली आणली असेल तर बहुतेक तिच्यातून. आणि टिकला का, ते तुमच्याच पत्रात आहे: टाकीचा ओव्हरफ्लो त्याच बाजूला सुटतो आणि तिथे सदा चिखल असतो. लव्हाळ्याला ओल सोसते, हरळीला हवा लागते. आधी तो पाइप गटाराकडे वळवा, त्या भागात काट्याने वीत-वीत अंतरावर चार इंच खोल भोकं पाडा आणि वर जाड वाळू झाडूने भरा. औषध मारून ओल तशीच ठेवलीत तर पुढच्या पावसाळ्यात मला हेच पत्र परत लिहाल.

तणनाशकांबद्दल दुकानात नाव विचारण्याआधी तणाचा वर्ग ठरवावा लागतो. रुंद पानांची तणं म्हणजे आंबुशी, नायटी, एकदांडी, घोळ, गाजरगवत. दुसरी गवतवर्गीय. तिसरा लव्हाळा, तो दिसतो गवतासारखा पण गवत नव्हे. प्रत्येकाची औषधं वेगळी आहेत. तुमच्या भागातली दुकानं कांदा, सोयाबीन, ऊस आणि द्राक्षासाठी माल ठेवतात. कांद्यात गवत मारायला क्विझॅलोफॉप वापरतात, ते गवतावर नेमकं काम करतं, आणि तुमचं लॉन गवतच आहे. ते मारलंत तर हरळी जाईल आणि लव्हाळा मोकळ्या मैदानात वाढेल. "सगळं तण जातं" म्हणून दिलेली बाटली तुम्ही लिहिलेल्या नावावरून ग्लायफोसेटची आहे. ते हिरवं दिसेल ते मारतं. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीडनियंत्रण चालकांपुरता मर्यादित केला. घरगुती लॉनवर तुम्ही स्वतः मारायची ती वस्तू नाही. बाटली सीलबंद असेल तर परत करा.

रुंद पानांसाठी टू-फोर-डी नावाचं औषध लॉनवर चालतं, हरळीला फारसा धक्का न लावता. पण तुमच्या बाबतीत मी त्याला साफ नाही म्हणतो, कारण तुमच्या कुंपणापलीकडे द्राक्षबाग आहे. द्राक्षवेल या औषधाला अतिशय हळवी आहे. वाऱ्याने उडालेला तुषार किंवा गरमीत उठलेली वाफ कोवळ्या फुटीवर गेली तरी पानं पंख्यासारखी आखडतात, शिरा एकमेकींजवळ येतात, घड बिघडतो. ऑक्टोबर छाटणीनंतरची फूट तर फारच नाजूक. टोमॅटो आणि कापसाचंही तसंच. आपल्या अंगणातली आंबुशी मारायला शेजाऱ्याच्या वर्षाच्या पिकाशी खेळू नये. तुमच्याकडची रुंद पानांची तणं थोडी आहेत, पाऊस पडून गेल्यावर माती मऊ असते तेव्हा स्टूल टाकून बसा आणि फुलायच्या आत खुरपून काढा. चार संध्याकाळचं काम आहे.

या औषधाचा एक धडा मी स्वतः घेतलाय. सुरुवातीच्या वर्षांत एका गिऱ्हाइकाच्या लॉनवर टू-फोर-डी मारलं, पंप दोनदा पाण्याने विसळला आणि दहा दिवसांनी त्याच पंपाने त्यांच्या गुलाबांवर बुरशीनाशक मारलं. आठवड्याने शेंडे वेताच्या छडीसारखे वाकले. त्या काकूंनी ते गुलाब पंधरा वर्षं वाढवले होते. एक शब्द रागाने बोलल्या नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं. तेव्हापासून तणनाशकाचा पंप वेगळा, त्यावर लाल रंगाचा पट्टा, आणि तो दुसऱ्या कशालाही लागत नाही. तुम्हीही दोन-तीन लिटरचा हातपंप यासाठी वेगळा ठेवा.

लव्हाळ्यावर गाठीपर्यंत पोचणारं औषध म्हणजे हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल ७५ टक्के. आपल्याकडे त्याच्या पाकिटावर ऊस, मका अशा पिकांची नावं असतात, घरच्या लॉनचं नाव नसतं. अमेरिकेत मात्र हाच घटक लॉनमधल्या लव्हाळ्यासाठी विकला जातो. त्यामुळे माझा क्रम असा: आधी पाइप वळवा, भोकं पाडा, गाठींसकट खणून जेवढं निघेल तेवढं काढा. हे करून सप्टेंबरमध्येही लव्हाळा निम्म्या लॉनमध्ये उभा असेल तरच औषध, तेही तालुका कृषी अधिकाऱ्याला किंवा जाणकाराला विचारून, आणि आधी दोन बाय दोन फुटांच्या कोपऱ्यावर मारून दोन आठवडे वाट बघून.

मात्रा एकरी ३६ ग्रॅम. तुमचं लॉन एकराचा छत्तिसावा भाग, म्हणजे सगळ्या लॉनला एक ग्रॅम. निम्म्या लॉनला अर्धा ग्रॅम. चमचा, झाकण, चिमूट यातलं काहीही इथे चालत नाही. सोन्या-चांदीसाठीचा छोटा डिजिटल काटा मिळतो, तो घ्या. अर्धा ग्रॅम अडीच लिटर पाण्यात, सोबत पाकिटावर सांगितलेलं चिकटद्रव्य. आदल्या दिवशी साध्या पाण्याने सराव करा: दहा बाय दहा फूट दोरीने आखा आणि तेवढ्यात चारशे मिली पाणी सारखं बसेल अशी चाल धरा. लव्हाळा तीन ते पाच पानांवर असावा. मारण्याआधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस कापणी करू नका, औषध घ्यायला पान तर हवं. वारा पडलेली सकाळ बघा आणि पुढचे पाच-सहा तास पाऊस येणार नाही याची खात्री करा. फुलझाडांच्या वाफ्यापासून फूटभर अंतर सोडा. दोन आठवडे काही झालं नाही असंच वाटेल, मग पिवळा पडेल, महिन्याने वाळेल. धीर सुटून दुसऱ्या आठवड्यात परत मारू नका. दीड-दोन महिन्यांनी नव्या गाठी फुटल्या तर दुसरी फवारणी.

जळालेले पट्टे भरून आल्यावरच हे करा. आजारी गवताला तणनाशक सोसत नाही.

कोणी मीठ-व्हिनेगर सांगेल. काळ्या जमिनीत मीठ गेलं की माती चिकट आणि घट्ट होते, मग तिथे हरळीही येत नाही. करू नका.

माळ्याला मारायला लावणार असाल तर हातमोजे, मास्क, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे तुम्ही द्या आणि घातलेत का ते उभं राहून बघा. २०१७ साली यवतमाळमध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली. औषधं वेगळी होती, पण उघड्या अंगाने फवारायची सवय तीच आहे. काम संपेपर्यंत तंबाखू नाही, पाणी प्यायचं तर आधी साबणाने हात. पॅराक्वाट नावाचं औषध कोणी सुचवलं तर घराच्या आवारात येऊच देऊ नका, त्यावर उतारा नाही.

फवारलेलं औषध पानांवर पूर्ण सुकेपर्यंत नातवंडं आणि कुत्रा लॉनवर नकोत, मी तर पुढचं पाणी देऊन होईपर्यंत थांबवतो. त्यानंतरच्या दोन-तीन कापण्यांचं गवत गवळ्याच्या गाईला घालू नका आणि भाजीच्या खतातही टाकू नका. आणि भाद्रपद तोंडावर आलाय. सिलेक्शन वनची कोवळी फूट म्हणजे दूर्वाच, आजूबाजूची मुलं सकाळी परडी घेऊन न विचारता येतात. हिराकस मारलंत तरी या वर्षी दूर्वा तुमच्या लॉनच्या घेऊ देऊ नका, फाटकावर तशी पाटी लावा.